प्रौढ बोटांसाठी अक्षरे

सोलापूर शहर दक्षिणेकडे विजापूर रस्त्याच्या बाजूने वाढत गेले, आणि त्या वाढलेल्या भागाला जुळे सोलापूर हे नाव मिळाले. तिथे आमच्या परिचयाचे पन्नाशीतले एक गृहस्थ राहतात. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली. मग पंचवीस वर्षे त्यांनी यंत्रमागावर टॉवेल विणले. मधुमेहाने दृष्टिपटल निकामी झाले आणि दिसणे थांबले. हाताला काम नाही, वेळ भरपूर, तेव्हा राहिलेली दहावी करावी असे त्यांच्या मनात आले. चौकशी केली. एके ठिकाणी कळले की अंधांची शाळा मुलांसाठी असते. दुसरीकडे सांगितले, साक्षरता वर्ग निरक्षरांसाठी आहे, तुम्ही तर सातवी शिकलेले! ‘‘म्हणजे मी लहान नाही आणि अडाणीही नाही, एवढाच माझा गुन्हा,’’ असे ते आम्हाला म्हणाले.

ज्या लिपीत ते साक्षर झाले ती लिपी आता त्यांना उपयोगाची नाही. जिचा उपयोग होईल ती त्यांना येत नाही. ही अडचण नवी नाही. तिचा इतिहास जवळजवळ ब्रेल लिपीइतकाच जुना आहे.

लुई ब्रेल (१८०९-१८५२) लहानपणीच अंध झाला होता. पॅरिसच्या अंधशाळेत असताना, १८२४ च्या सुमारास, म्हणजे पंधराव्या वर्षी त्याने आपली लिपी बहुतांशी तयार केली. त्याच्यापुढे बार्बिए या फ्रेंच अधिकाऱ्याची बारा टिंबांची पद्धत होती. तिचे एक अक्षर बोटाच्या टोकाखाली मावत नसे. ब्रेलने टिंबे सहावर आणली. सहा टिंबांतून ६३ खुणा मिळतात आणि प्रत्येक खूण बोट वर-खाली न हलवता एकाच स्पर्शात कळते. टिंबांमधले अंतर साधारण अडीच मिलिमीटर असते.

हे अंतर कोणाच्या बोटाला पुरते? विशीतल्या माणसाचे बोट साधारण एक मिलिमीटर अंतरावरच्या रेघा वेगळ्या ओळखते. वय वाढते तसे त्वचेतले स्पर्शग्राहक विरळ होतात आणि म्हातारपणी हे अंतर दोन मिलिमीटरच्या पुढे जाते. लहानपणापासून ब्रेल वाचणाऱ्यांची बोटे मात्र उतारवयातही तल्लख राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे. अडचण येते ती चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा टिंबांवर बोट ठेवणाऱ्याला. त्यातून मधुमेह असेल तर तो डोळ्यांबरोबर बोटांच्या मज्जातंतूंनाही सोडत नाही. आमच्या परिचितांना पहिल्या दिवशी ब्रेलचा कागद ‘खरखरीत पोलिस कागदासारखा’ लागला, यात नवल नाही.

इंग्लंडमधल्या विल्यम मून यांना ही गोष्ट स्वतःच्या अनुभवातून कळली. त्यांची दृष्टी विशी ओलांडताना पूर्ण गेली. १८४५ मध्ये त्यांनी रोमन अक्षरांचीच सोपी, ठळक, उठावाची रूपे करून एक लिपी बनवली. मोजकेच आकार वेगवेगळ्या बाजूंना वळवून तिची अक्षरे होतात. पूर्वी वाचता येत असलेल्या माणसाला ती ओळखीची वाटतात आणि कमी संवेदनेच्या बोटालाही लागतात. आणखी एक गंमत होती. सुरुवातीच्या मून पुस्तकांत एक ओळ डावीकडून उजवीकडे, तर पुढची उजवीकडून डावीकडे छापलेली असे. त्यामुळे नवशिक्याचे बोट ओळ चुकत नसे. आम्ही हे सांगितले तेव्हा आमचे परिचित लगेच म्हणाले, ‘‘म्हणजे धोटा!’’ मागावर धोटा असाच जातो आणि परततो. आमच्या डोक्यात नांगराचा बैल आला होता. सोलापुरात धोटाच शोभतो.

मूनची पुस्तके जाडजूड आणि महाग पडत, म्हणून ब्रेल टिकली. पण प्रौढांचा प्रश्न तसाच राहिला, आणि महायुद्धाने तो सगळ्यांच्या दारात आणून ठेवला. काचबिंदूने दृष्टी गेलेले वृत्तपत्रमालक आर्थर पिअरसन यांनी १९१५ मध्ये लंडनला सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. तिथे युद्धात अंध झालेल्या तरुणांना ब्रेलबरोबर टंकलेखन, मालिश, कोंबडीपालन शिकवत. बऱ्याच जणांची ब्रेलमध्ये गती बेताचीच राही. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत दृष्टी गमावलेले इयन फ्रेझर यांनी यावर उपाय शोधायचा ध्यास घेतला. त्यातून १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये ‘बोलकी पुस्तके’ आली. त्यांच्या तबकड्या मिनिटाला २४ फेरे घेत आणि एक बाजू सुमारे २५ मिनिटे चाले. आपल्या ओळखीची लाँग-प्लेइंग तबकडी बाजारात आली ती १९४८ मध्ये. संगीत ऐकणाऱ्यांच्या आधी ही सोय अंध प्रौढ वाचकांसाठी झाली होती, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

आपल्याकडेही सुरुवात सैनिकांपासूनच झाली. १९१७ मध्ये मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले आणि १९२२ मध्ये ते पुण्याजवळ खडकीला हलले. अंध सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह सुरू झाले. गॅलिपोलीच्या लढाईत अंध झालेले न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेन्झी त्याचे प्रमुख होते. १९५० मध्ये तिथेच केंद्र सरकारचे प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. पुढच्याच वर्षी भारती ब्रेल ठरली. तोवर देशात अनेक ब्रेल पद्धती नांदत होत्या, त्यामुळे एका शाळेचे पुस्तक दुसरीत चालेलच असे नव्हते.

भारती ब्रेलमध्ये प्रौढाला धीर देणारी एक सोय आहे. छापील ‘किरण’ लिहिताना वेलांटी क च्या आधी येते. ब्रेलमध्ये क, मग इ, मग र, मग ण, जसे उच्चारतो तसेच. बाराखडी घोकलेल्या माणसाला हा क्रम एकदा समजला की मोठा अडसर जातो. पण हे समजावून सांगणारा कोणी हवा, आणि तोच मिळत नाही.

याचे कारण आपल्या कायद्यांतही दिसते. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्याने मोफत शिक्षणाची हमी अठराव्या वर्षापर्यंत दिली. सोळा वर्षे व त्यापुढील गटासाठी व्यवहारोपयोगी साक्षरतेचे अर्धवेळ वर्ग सांगितले, पण तिथेही शब्द ‘मुले’ हाच वापरला. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाने १५ ते ३५ हा वयोगट धरला होता. दृष्टी तर पुष्कळदा पस्तिशीनंतरच जाते! २०१६ च्या नव्या कायद्यात मात्र कलम १८ स्वतंत्रपणे प्रौढशिक्षणाचे आहे. अपंग व्यक्तींना प्रौढ व निरंतर शिक्षणात इतरांच्या बरोबरीने सहभागी करून घेणे त्याने शासन आणि स्थानिक संस्था यांच्यावर सोपवले. आधीच्या सतराव्या कलमात शिक्षकांचे प्रशिक्षण, पुस्तके, साधने यांची लांब यादी आहे. अठरावे एका वाक्यात आटोपते. २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी अपंग नोंदले गेले, त्यांतले साक्षर १.४६ कोटी. उरलेल्यांतले कित्येक आज शाळेच्या वयाचे नाहीत, हे लक्षात घेता ते एक वाक्य फारच आखूड वाटते.

मोबाइल आता मराठी मजकूर वाचून दाखवतो. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर दृष्टिहीनांसाठी पुस्तकाची ब्रेल वा ध्वनिप्रत करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. तरी ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, बीजगणितातला कंस कुठे मिटला तेही कळत नाही. दहावी करायची म्हणजे काही तरी बोटाखाली हवेच.

शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने जुळ्या सोलापुरातल्या त्या घरी आठवड्यातून दोनदा जायला सुरुवात केली. त्यांनाही ब्रेल येत नव्हती. तक्ता समोर ठेवून त्या एक दिवस पुढे शिकत. अंड्यांच्या ट्रेचे सहा-सहा खळग्यांचे तुकडे कापले, त्यांत गोट्या ठेवल्या. मग मोठ्या अंतराची टिंबे, मग नेहमीची. आधी बोट, मग कागद, हा क्रम त्यांनी स्वतःच शोधला. आमच्या परिचितांनी कागदावर स्वतः वाचलेला पहिला शब्द त्यांच्याच मागणीवरून टोचला होता. ध, ओ, ट, आ. त्याला त्यांना पावणेदोन महिने लागले. सतरा नंबरचा अर्ज अजून भरायचा राहिला आहे.