फितीचे माप : अर्धवेळ सैनिकाच्या बढतीची शंभर वर्षे

१/८
नाशिकजवळच्या देवळाली छावणीत प्रादेशिक सेनेची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, ११६ इन्फन्ट्री बटालियन (पॅरा) आहे. नागरी व्यवसाय सांभाळून गरजेच्या वेळी गणवेश चढवणारा सैनिक ही या सेनेची मूळ कल्पना. अशा सैनिकाच्या दंडावर फीत चढते, ती कोणत्या मापाने? शतकापूर्वी या प्रश्नाचे उत्तर जन्मावर अवलंबून होते.

२/८
आधी शिडी पाहू. शिपायानंतर लान्स नायक (१ फीत), नायक (२), हवालदार (३). त्यापुढे नायब सुभेदार, सुभेदार. यातील नायक आणि हवालदार ही पदे मराठी वाचकाला सभासद बखरीपासून परिचित आहेत. शिवकालीन पायदळात मूठभर पाइकांवर नायक, पाच नायकांवर हवालदार व त्यावर जुमलेदार अशी उतरंड होती.

३/८
१९२० साली ब्रिटिश सरकारने राखीव दलांसाठी दोन स्वतंत्र कायदे केले. ऑक्झिलरी फोर्स युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी, तर इंडियन टेरिटोरियल फोर्स हिंदी लोकांसाठी. दोन्ही दले अर्धवेळच. पण शिड्या दोन.

४/८
इगतपुरी-नाशिकरोड-मनमाड मार्गाच्या जी.आय.पी. रेल्वेची स्वतःची ऑक्झिलरी रेजिमेंट होती. तिथला गोरा कर्मचारी कॉर्पोरल, सार्जंट होत पुढे कॅप्टन, मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होती.

५/८
हिंदी शिपायाची वाट मात्र जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर येथे संपे. ही व्हाइसरॉयची सनद होती, राजाची नव्हे. परिणामी पांढऱ्या मिशांचा सुभेदार-मेजरही कालच रुजू झालेल्या ब्रिटिश सेकंड लेफ्टनंटच्या खालीच गणला जाई. कौशल्य कितीही असो, छत आधीच ठरलेले.

६/८
दुसऱ्या महायुद्धात टेरिटोरियल पलटणी नियमित सैन्यात सामावल्या. स्वातंत्र्यानंतर ऑक्झिलरी फोर्स संपली. १९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचे उद्घाटन केले. वंशावर बेतलेल्या दोन शिड्यांच्या जागी सर्वांसाठी एकच शिडी आली.

७/८
आज बढतीसाठी रिक्त जागा, सेवाकाळ, शिक्षण व कॅडर प्रशिक्षण, वैद्यकीय श्रेणी, शिस्तीचा अभिलेख आणि वरिष्ठांची शिफारस या गोष्टी पाहिल्या जातात. नायक झालेल्याला लहान तुकडी हाताळायची असते; रणभूमीवर तो अर्धवेळ आहे की पूर्णवेळ, हे शत्रू विचारत नाही. म्हणूनच माप सैल करता येत नाही.

८/८
पण नियमित जवान वर्षभर सराव करतो. तैनातीवर नसलेल्या प्रादेशिक सैनिकाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे दोन महिन्यांचे शिबिर येते. निवृत्तिवेतनासाठीही प्रत्यक्ष तैनातीचाच काळ धरला जातो. १९२० च्या शिडीवर अडसर रक्ताचा होता. आजच्या शिडीवर तो दिवसांचा आहे. पहिला अडसर कोणत्याही मेहनतीने हटत नव्हता. दुसरा शिबिरागणिक, तैनातीगणिक कमी होतो. अर्धवेळ सैनिकाच्या दंडावरील दोन फितींमागे हा फरक उभा आहे.