कुंडीतील मांसल वनस्पती : पाणी आणि मुळांची निगा

दृष्ट लागू नये म्हणून दाराच्या चौकटीवर उलटी टांगलेली कोरफड महाराष्ट्रात अनेक घरांवर व दुकानांवर दिसते. तिच्या मुळांशी माती नसते, तिला कुणी पाणी घालत नाही. तरीही ती कित्येक महिने हिरवी राहते. हीच कोरफड बाल्कनीतील कुंडीत लावून तिला रोज तांब्याभर पाणी घातले, तर श्रावण संपण्याआधीच ती बुंध्यापाशी मऊ पडून कोलमडते. शहरातील घरांत मांसल वनस्पती तहानेने क्वचितच मरतात. बहुतेक मरतात त्या मुळांचा श्वास कोंडल्यामुळे, आणि तो कोंडतो मालकाच्या प्रेमळ पाण्याने.

पान, खोड किंवा मूळ यांत पाण्याचा साठा करून अवर्षण निभावून नेणाऱ्या वनस्पतींना मांसल वनस्पती म्हणतात. हे एखादे वनस्पतिकुल नव्हे. परस्परांशी फारसे नाते नसलेल्या अनेक कुलांनी कोरड्या प्रदेशांत स्वतंत्रपणे स्वीकारलेली ती जीवनपद्धती आहे. कोरफड, घायपात, शेर, पानफुटी आणि निवडुंग ही पूर्वापार परिचयाची उदाहरणे. रोपवाटिकांतून ‘सक्युलंट’ या नावाखाली मिळणाऱ्या झाडांपैकी एचेव्हेरिया प्रामुख्याने मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील, हॉवर्थिया व जेड दक्षिण आफ्रिकेतील, तर ॲडेनियम आफ्रिका व अरबस्तानातील आहे. गावे इतकी वेगळी, तर सर्वांना ‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा एकच नियम कसा लागू पडावा?

या वनस्पतींना पाणी कमी लागते, याचे कारण त्यांच्या पर्णरंध्रांच्या वेळापत्रकात आहे. सर्वसाधारण झाडे दिवसा रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या व्यवहारात पुष्कळ बाष्प गमावतात. मांसल वनस्पतींपैकी बऱ्याचशा रात्री रंध्रे उघडतात, मिळालेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्यापासून अन्न तयार करतात. या शोधाचा एक धागा भारतातून जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांना पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागली. त्यांचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली प्रसिद्ध केले. कुंडीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की हे रात्रीचे काम थंड हवेत उत्तम चालते. मे महिन्यात मुंबईच्या उबदार रात्री एचेव्हेरियासारख्या झाडाचे काम मंदावते आणि त्याची पाण्याची गरजही घटते. बाहेर ऊन रणरणते म्हणून त्याला जास्त पाणी द्यावे, हा तर्क येथे उलटा ठरतो.

आता मुळांकडे वळू. कोरड्या प्रदेशांतील पुष्कळ मांसल वनस्पतींची मुळे खोल न जाता पृष्ठभागालगत पसरतात, कारण तेथील पाऊस जमिनीचा वरचा थरच भिजवून जातो. दीर्घकाळ पाणी न मिळाल्यास बारीक तंतुमुळे गळून जातात आणि जाड मुळे कोरड्या सालीचे आवरण घेऊन स्वस्थ राहतात. पाऊस पडला, की थोड्याच काळात त्यांच्यावर नवी पांढरी मुळे फुटतात. म्हणूनच महिनोन्‌महिने कोरड्या राहिलेल्या कुंडीत एकदम पूर ओतणे धोक्याचे असते. पाणी शोषून घेणारी मुळे त्या वेळी तेथे नसतात. असतात ती मेलेली, कुजण्यास तयार असलेली. अशा झाडाला प्रथम थोडे पाणी द्यावे, चार-सहा दिवस थांबावे आणि मगच नेहमीप्रमाणे द्यावे. ‘यांना पाणी लागतच नाही’ असे मानून वर्षभर तहानलेले ठेवणे हीही निगा नव्हे.

मुळांनाही प्राणवायू लागतो. तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून पोहोचतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या, की त्याची वाट अडते, कारण प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग इतक्याच वेगाने पाण्यात पसरतो. गुदमरलेल्या मुळांवर मग पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे रोगकारक जीव ताबा मिळवतात. त्यांची बीजे पाण्यातून पोहत जातात, त्यामुळे साचलेले पाणी त्यांच्या प्रसाराला आयतेच सोयीचे होते.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा खापरांचा थर द्यावा, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. हा सल्ला चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतील पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते थराच्या सीमेवर अडून राहते. परिणामी चिखलाचा पट्टा तळाऐवजी मुळांच्या अधिक जवळ येतो. याची खात्री घरातल्या स्पंजावर करता येते. भिजलेला आयताकृती स्पंज आडवा धरला, की काही वेळाने त्यातून पाणी टपकायचे थांबते. तोच उभा केला, की पुन्हा पाणी गळू लागते. पाणी धरून ठेवणारा खालचा पट्टा दोन्ही वेळी साधारण सारख्याच उंचीचा असतो. उभ्या स्पंजात त्याच्या वर कोरडा भाग अधिक मिळतो. उथळ शोभिवंत बशीत लावलेली झाडे लवकर का कुजतात, हे यावरून ध्यानात यावे. छिद्र झाकण्यासाठी जाळीचा एक तुकडा पुरे. सुधारणा करायची ती संपूर्ण मिश्रणात.

काळी माती कुंडीत एकटी कधीही वापरू नये. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळे तोडते. तीन ते सहा मिलिमीटरचे विटांचे तुकडे, जाडी नदीची वाळू किंवा परलाइट असे खडबडीत पदार्थ मिळून दोन भाग आणि चाळलेले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व थोडी लाल माती मिळून एक भाग, हे प्रमाण कोरड्या हवेत चालते. कोकणपट्टीत खडबडीत भाग आणखी वाढवावा. विटांचा चुरा चाळून त्यातील पूड टाकून द्यावी, अन्यथा तीच पोकळ्या बुजवते. समुद्राची वाळू क्षारांमुळे वर्ज्य. मातीच्या कुंडीच्या भिंतींतूनही पाणी उडून जाते, म्हणून दमट शहरात तीच बरी. प्लास्टिकची कुंडी कोरड्या विदर्भ-मराठवाड्यात सोयीची पडते. कुंडीचा व्यास मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठा असावा. मोठ्या कुंडीतील जी माती मुळे व्यापत नाहीत, ती दिवसेंदिवस ओलीच राहते.

विकत आणलेल्या रोपाबाबत एक सूचना आवश्यक आहे. ही रोपे बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. रोपवाटिकेच्या उघड्या उन्हात ते चालून जाते. घरातील मंद उजेडात मात्र तो गोळा आठवडाभर ओला राहतो. नव्या कुंडीत लावताना हा गाभा हलक्या हाताने मोकळा करून काढावा. समारंभात भेट मिळालेल्या रोपांच्या कुंडीला तर अनेकदा छिद्रच नसते, आणि वरचे रंगीत खडे गोंदाने चिकटवलेले असतात. ते खडे उचकटून रोप दुसरीकडे हलवावे. काचेच्या बंद भांड्यात मांसल वनस्पती लावण्याची फॅशन दिसायला सुरेख आहे. झाडासाठी ती कोठडी आहे.

पाणी केव्हा द्यायचे, हे कॅलेंडर नव्हे, कुंडी सांगते. पाणी दिल्यावर कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. ती लक्षणीय हलकी झाल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. मोठी कुंडी उचलणे शक्य नसल्यास लाकडी काडी तळापर्यंत खुपसून काही मिनिटांनी काढावी. ती ओलसर किंवा माती चिकटून आली, तर थांबावे. द्यायचे तेव्हा मात्र तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. चमचा-दोन चमचे रोज घालणे किंवा पानांवर फवारा मारणे याने वरचा थर तेवढा ओला राहतो व खालची मुळे उपाशी राहतात. पाकळ्यांसारखी पाने असलेल्या रोपांच्या गाभ्यात पाणी साचू देऊ नये.

ऋतूंच्या बाबतीत इंग्लंड-अमेरिकेतील पुस्तके आपल्याकडे फसवतात. उन्हाळ्यात पाणी, हिवाळ्यात कोरडे, हे सूत्र तेथील अंधाऱ्या, गारठलेल्या हिवाळ्यासाठी आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा लख्ख उजेडाचा, कोरड्या हवेचा व थंड रात्रींचा काळ असतो. एचेव्हेरिया आणि हॉवर्थिया तेव्हाच जोमाने वाढतात व त्यांना पाणीही तेव्हाच मानवते. ॲडेनियमचे उलट आहे. त्याची पाने थंडीत गळतात, तेव्हा पाणी अगदी कमी करावे. फेब्रुवारीअखेर नवी पालवी आली, की वाढवावे. कडक उन्हाळ्यात ते भरपूर पाणी पिते.

खरी कसोटी पावसाळ्याची. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण पावसाइतकीच हवेतील आर्द्रता घातक असते. जुलैत छपराखाली ठेवलेली कुंडीही पंधरा-पंधरा दिवस वाळत नाही. या काळात कुंड्या छज्जाखाली, उजेडाच्या आणि वारा खेळत्या जागी, एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. ग्रिलमध्ये दाटीने मांडलेल्या कुंड्यांत एकीची कूज दुसरीकडे जायला वेळ लागत नाही.

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे सुरकुतलेले पान. तहानलेल्या झाडाची पाने सुरकुततात, हे खरे. पण मुळे कुजलेल्या झाडाचीही सुरकुततात, कारण त्यांना पाणी पोहोचवणारेच कोणी उरलेले नसते. घाबरून पुन्हा पाणी घातले, की उरलीसुरली मुळेही जातात. निर्णय मातीवरून करावा. माती कोरडी आणि पान सुरकुतलेले पण चिवट असेल, तर पाणी द्यावे. दोन-तीन दिवसांत पान टवटवीत होते. माती ओली असूनही पान लुळे, पिवळसर किंवा काचेसारखे पारदर्शक असेल, स्पर्शासरशी गळत असेल, तर त्याच दिवशी झाड उपटून पाहावे. तळाची एक-दोन पाने कागदासारखी वाळणे मात्र स्वाभाविक आहे.

निरोगी मूळ पांढरे ते फिकट तपकिरी व ताठ असते. कुजलेले मूळ काळपट, बुळबुळीत असते. ओढल्यास वरची साल निघून आत दोरा उरतो. असा सर्व भाग स्पिरिटने पुसलेल्या पात्याने कापावा. खोडाच्या छेदात तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसल्यास स्वच्छ भाग लागेपर्यंत वर कापत जावे, मग हाती फक्त शेंडा उरला तरी चालेल. कापलेला भाग सावलीत वाळू द्यावा: बारीक मुळांना तीन-चार दिवस, जाड खोडाला एक ते दोन आठवडे, पावसाळ्यात पंख्याखाली याहूनही अधिक. जखमेला हळद लावण्याची पद्धत निरुपद्रवी आहे, परंतु काम करतो तो कोरडेपणा. नंतर कोरड्या मिश्रणात लावून आठवडाभराने पहिले पाणी द्यावे. नेहमीचे कुंडीबदलही याच रीतीने, शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावेत, ॲडेनियमचे फेब्रुवारी-मार्चमध्ये.

झाड उपटलेलेच आहे, तर मुळांवर व कुंडीच्या आतल्या बाजूस कापसासारखे पांढरे ठिपके आहेत का, तेही पाहावे. ते मुळांवरील पिठ्या ढेकूण होत. पाणी योग्य असूनही वाढ खुंटलेली असेल, तर अनेकदा दोष त्यांचा असतो. मुळे वाहत्या पाण्याखाली धुऊन वाळवावीत, जुनी माती टाकून द्यावी आणि कुंडी उकळत्या पाण्याने धुवावी. प्लास्टिकची असेल, तर बदललेली बरी.