डोलत्या डेकवरच्या दुर्बिणीचं कूळ

१९२३ साली स्पेनमध्ये, माद्रिदजवळच्या हेताफे इथून एक विचित्र यंत्र उडालं. पुढे विमानासारखा पंखा, पण डोक्यावर वाऱ्याने आपोआप गरगरणारी पाती. हे हुआन द ला सिएर्वा यांचं ऑटोजायरो. त्यांची आधीची यंत्रं कुशीवर कलंडत, कारण पुढे जाणाऱ्या पात्याला वारा जास्त मिळे आणि मागे येणाऱ्याला कमी. सिएर्वांनी पाती बुंध्याशी घट्ट न आवळता बिजागरीवर बसवली आणि त्यांना वरखाली व्हायची मोकळीक दिली. पाती हलू लागली, म्हणून यंत्र सरळ राहिलं.

या सिएर्वांचा पुतण्याही हुआन द ला सिएर्वाच. साठच्या दशकात तो अमेरिकेत डायनासायन्सेस या कंपनीत होता. हेलिकॉप्टरमधून घेतलेली दृश्यं थरथरत, त्यावर त्याने डायनालेन्स हा उपाय काढला. काचेच्या दोन सपाट चकत्या, त्यांच्या कडा भात्यासारख्या लवचिक पडद्याने जोडलेल्या आणि मध्ये पारदर्शक द्रव. कॅमेऱ्याने मान खाली घातली की जायरो ते ओळखतो, चकत्या एकमेकींशी किंचित तिरक्या होतात, मधल्या द्रवाची पाचर बनते आणि प्रकाशकिरण तेवढाच उलट वाकतो. या शोधासाठी पुतण्याला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. काकाने पाती मोकळी सोडली, पुतण्याने काच. 

द्रवाच्या पाचरीचं हे तत्त्व आधी व्हिडिओ कॅमेऱ्यांत आलं आणि १९९५ मध्ये कॅननच्या १२×३६ (म्हणजे बारापट आणि ३६ मिलिमीटरचं भिंग) दुर्बिणीत. प्रतिमा स्थिर ठेवणारी दुर्बीण घ्यायला निघालेला नौकामालक आज बहुधा याच वंशातल्या एखाद्या दुर्बिणीपाशी येऊन थांबतो.

पण हे कूळ आकाशातलं आहे. समुद्राचं स्वतःचं, याहून फार जुनं कूळ वेगळंच आहे.

दुर्बिणीचा सर्वपरिचित इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १६०८ मध्ये हॉलंडमध्ये हान्स लिपरहे यांनी पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हाच सरकारने त्यांच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असं उपकरण मागितलं. १८५४ मध्ये पोरोंनी प्रिझम आणले, १८९४ मध्ये झाइसने त्यांच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. नौदलांनी ७×५० हे माप पक्कं केलं, कारण विशालन वाढवलं की हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो. डोलत्या डेकवर सातपटीच्या पुढे उघड्या हाताने पाहण्यात फारसा अर्थ उरत नाही.

समुद्रावरचा खरा जुना उपाय म्हणजे गिंबल, एकात एक बसवलेली आणि काटकोनात फिरणारी कडी. जहाजाचं होकायंत्र शतकानुशतकं अशा कड्यांत टांगलेलं आहे. युरोपात या रचनेला इटालियन विद्वान कार्दानोचं नाव चिकटलं, कारण त्याने सोळाव्या शतकात तिचं वर्णन केलं. तिचा जनक मात्र तो नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात चीनमध्ये डिंग ह्वान याने अशाच कड्यांत धूपपात्र बसवल्याची नोंद आहे. त्याहून मागे, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, बायझँटियमचा फिलो एका आठकोनी दौतीचं वर्णन करतो. ती कशीही फिरवली तरी आतली शाई सांडत नाही. वाद इथेच आहे. फिलोच्या ग्रंथाचा हा भाग फक्त अरबी भाषांतरातून उरला आहे, आणि दौतीचा उतारा एखाद्या अरब लेखकाने नंतर घुसडला, असं काही अभ्यासकांचं मत पडलं. जॉर्ज सार्टनसारख्या इतिहासकारांनी तो फिलोचाच मानला. पारडं सार्टन यांच्या बाजूने झुकतं. 

दौतीपासून दुर्बिणीपर्यंतची वाट गॅलिलिओतून जाते. गुरूच्या चंद्रांना आकाशातलं घड्याळ मानून समुद्रावर रेखांश काढायचा, हा त्याचा बेत होता. हलत्या जहाजावरून चंद्र दिसणार कसे? त्याने डोक्यावर घालायच्या शिरस्त्राणाला दुर्बीण जोडली आणि १६१७ मध्ये लिव्होर्नोच्या बंदरात ती तपासली. पुढे डच सरकारशी बोलणी करताना त्याने निरीक्षकाला अर्धगोल भांड्यात बसवून ते भांडं पाणी किंवा तेल भरलेल्या दुसऱ्या भांड्यात तरंगवायची कल्पना मांडली. १७६३ मध्ये नेव्हिल मॅस्कलिन बार्बाडोसला निघाले, तेव्हा ख्रिस्तोफर अर्विनची गिंबलवर टांगलेली खुर्ची त्यांच्यासोबत होती. ती निरुपयोगी ठरली. जड माणूस टांगण्यापेक्षा हलकं काहीतरी टांगावं, हे शहाणपण यायला आणखी दोन शतकं लागली.

ते हलकं काहीतरी म्हणजे दुर्बिणीच्या आतले प्रिझम. ते योग्य जागी गिंबलवर बसवले की नळी हलली तरी त्यांची दिशा बदलत नाही आणि प्रतिमा जागची हलत नाही. १९९० मधल्या झाइसच्या २०×६० दुर्बिणीत हीच रचना आहे, तीही विजेच्या सेलशिवाय. फुजिनॉनच्या स्टॅबिस्कोपमध्ये वेगाने फिरणाऱ्या जायरोचा टेकू आला, आणि १४×४० टेक्नो-स्टॅबीमध्ये संवेदक आणि मोटरी.

आता निवडीचा मुद्दा. कॅननची द्रवाची पाचर जेमतेम एका अंशापर्यंत दुरुस्ती करते. टेक्नो-स्टॅबी पाच अंशांपर्यंत. समुद्रासाठी गिंबलचं कूळ सरस, हा इथला दावा याच फरकावर उभा आहे.

याविरुद्धचा युक्तिवाद वजनदार आहे. लाटेचं डोलणं संथ असतं, एकेका झोक्याला कित्येक सेकंद लागतात. ते माणसाची मान, कंबर आणि गुडघे आपसूक झेलतात. दुर्बिणीने सांभाळायचा तो उरलेला बारीक कंप: हाताची सेकंदाला आठ ते बारा वेळा होणारी थरथर आणि इंजिनाची धडधड. त्याला एक अंश पुष्कळ झाला. मोठ्या जहाजावर किंवा शांत खाडीत हे पूर्ण खरं आहे. लाटांवर आपटत जाणाऱ्या छोट्या मोटरबोटीत मात्र धक्का अचानक येतो आणि शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. तिथे पाच अंशांची मुभा लागते.

त्या मुभेची किंमतही मोजावी लागते. टेक्नो-स्टॅबीचं वजन सुमारे १.३ किलो, दिसणारं क्षेत्र जेमतेम चार अंशांचं. दुर्बीण झपकन वळवली तर प्रतिमा क्षणभर मागे रेंगाळते. कॅननची २००५ ची १०×४२ जलरोधक आहे, साडेसहा अंशांचं क्षेत्र दाखवते आणि दोन पेन्सिल सेलवर चालते. शिवाय संध्याकाळी ती पुढे जाते. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा गोल तिच्यात ४.२ मिलिमीटरचा, १४×४० मध्ये तीनच्याही खाली. जुन्या ७×५० मध्ये तो सात मिलिमीटरच्या वर असतो, म्हणून बोया आणि दीपस्तंभ शोधण्यासाठी, त्यातही रात्री आणि सेल संपल्यावर, ती जुनी दुर्बीण बोटीवर ठेवावीच. तिच्या अनेक नमुन्यांत होकायंत्रही असतं, दिशा घेण्यासाठी.