दोन किनाऱ्यांचे ऋण

काल्हेरच्या खाडीकाठी संध्याकाळी उभे राहिले म्हणजे पैलतीरावर ठाणे शहराचे दिवे एकेक करून लागताना दिसतात. पाठीमागे भिवंडीच्या गोदामांच्या रांगा आणि मालमोटारींची वर्दळ. समोर मात्र भरती-ओहोटीचे तेच जुने पाणी. याच पैलतीरावर, सातशे वर्षांपूर्वी, परदेशी धर्मबंधूंचे रक्त सांडले.

तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स आणि सिएनाचे पीटर हे तिघे इटलीचे. चौथे दिमित्री जॉर्जियातील तिफ्लिसचे. होर्मुझहून निघालेले त्यांचे गलबत कोल्लमला जावयाचे होते. वाऱ्याने ते ठाण्याच्या बंदरात आणले. येथे त्या काळी नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांतील एका घराने पाहुण्यांना आसरा दिला. त्या घरातील पती-पत्नीचे भांडण काझीपर्यंत गेले, साक्षीसाठी धर्मबंधूंना पाचारण झाले आणि साक्षीच्या ठिकाणी श्रद्धेचा वाद उभा राहिला. ९ एप्रिल १३२१ रोजी, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, तिघांचा शिरच्छेद झाला. ११ एप्रिलला पीटर यांनाही ठार करण्यात आले. त्यांचे सोबती जॉर्दानस यांनी ते देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. काही काळाने आलेले इटालियन प्रवासी फादर ओदोरिक यांनी त्या अस्थी उचलून थेट चीनपर्यंत नेल्या. दोषी अधिकाऱ्यास दिल्लीच्या सुलतानानेच देहान्त शासन केले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

ही कथा बालपणापासून ऐकलेली असल्यामुळे इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर जाण्याचा योग आला, तेव्हा आमच्या मनात एकच विचार होता : ज्या भूमीने आपल्याला हे रक्तसाक्षी दिले, तिचे दर्शन घ्यावे. तेथे आपलेच ऋण फेडावयाचे आहे, अशी आमची समजूत होती.

आमचा मुक्काम एड्रियाटिक समुद्राकाठच्या पेस्कारा शहरात होता. प्राचीन इटली शोधणाऱ्याची येथे निराशाच होते. सरळ रुंद रस्ते, उंच इमारती, मैलोगणती वाळूचा किनारा आणि त्यावर ओळीने रोवलेल्या रंगीत छत्र्या. आजचे पेस्कारा हे शहर १९२७ साली नदीच्या दोन तीरांवरील दोन गावे एकत्र करून झाले. परंतु त्याच्या नवेपणाचे खरे कारण निराळेच आहे. १९४३ च्या ऑगस्टअखेर येथे बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि जुन्या वस्तीचा मोठा भाग धुळीस मिळाला. आज मुले ज्या वाळूत किल्ले बांधतात, तिच्यामागचे शहर ढिगाऱ्यांतून उठलेले आहे.

तेथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर ऑर्टोना आहे. भारताचे प्रेषित संत थॉमस यांच्या अस्थी येथील महामंदिराच्या तळघरात आहेत. परंपरेप्रमाणे त्या मैलापूरहून एडेसा, तेथून किऑस बेट आणि १२५८ साली ऑर्टोना असा प्रवास करून आल्या. वेदीखालच्या त्या पेटीपुढे गुडघे टेकताना आम्हांस ओदोरिकची आठवण झाली. एका थॉमसच्या अस्थी आपल्या देशातून पश्चिमेस आल्या. दुसऱ्या थॉमसच्या ठाण्याहून पूर्वेस गेल्या.

हे महामंदिरही १९४३ च्या डिसेंबरात उद्ध्वस्त झाले होते. ऑर्टोना गावासाठी कॅनडाचे सैनिक घरोघर लढले, हे तेथील दगडही सांगतात. परंतु त्यांच्या शेजारी, याच टापूत, आठवी भारतीय डिव्हिजन लढत होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

ऑर्टोनाच्या दक्षिणेस सांग्रो नदीजवळ युद्धस्मशान आहे. तेथे २,६१७ सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. बाजूलाच एक स्मारक आहे. ज्यांच्या धर्मानुसार दहन झाले अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे त्यावर कोरली आहेत. ऑलिव्हची झाडे, दूरवर निळा समुद्र आणि दगडावर आपल्या मातीतली नावे! ऋण फेडावयास आलेले आम्ही तेथे स्तब्ध उभे राहिलो.

माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले. तुकडीतील साथी मृत वा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनच्या मोर्चावर चाल केली. वय अवघे बावीस. नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीतून जखमी सोबत्यांना सुरुंगांमधून वाहून आणले, तीन मोर्चे बंद पाडले आणि जखमी अवस्थेत बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस लाभला. जाधवांच्या पराक्रमाची तारीख होती ९ एप्रिल १९४५. ठाण्याच्या हुतात्म्यांचीही तारीख ९ एप्रिलच!

या योगायोगावरून मोठा निष्कर्ष काढण्याची आमची इच्छा नाही. धर्मबंधू स्वेच्छेने सुवार्ता घेऊन आले होते. हे सैनिक परक्या सत्तेच्या हुकमाने गेले होते, त्यांतील कित्येक पोटासाठी. दोन्ही मरणे एका मापाने मोजता येत नाहीत. तरीही परक्या किनाऱ्यावर, अनोळखी लोकांमध्ये, घरी परतण्याची आशा सोडून दिलेला प्राण दोन्हींकडे सारखाच आहे.

इटलीने ही आठवण ठेवली आहे. २०२३ साली मोन्तोने गावाने यशवंत घाडगे यांच्या नावे एक सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, असे तिचे बोधवाक्य आहे. ज्या गावात बहुधा एकही मराठी माणूस राहत नाही, त्या गावाने हे केले.

मग आपण काय करावे? येत्या ९ एप्रिलला ठाण्याच्या हुतात्म्यांसाठी मेणबत्ती लावताना, सांग्रोकाठच्या त्या पाचशे नावांसाठीही एक प्रार्थना म्हणावी. ते आपल्या धर्मग्रामाचे नव्हते, हे खरे. ठाण्यात पाहुणे म्हणून उतरलेले ते चौघे तरी कुठे आपल्या धर्मग्रामाचे होते?