पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती दानपरंपरा : दात्याची अट व संस्थेचे स्वातंत्र्य

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील ख्रिस्ती संस्थांचा विचार करताना धर्मांतर, शिक्षण आणि समाजसुधारणा या विषयांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. या संस्था चालविणारा पैसा कोठून आला, तो कोणत्या भावनेने दिला गेला आणि त्याबरोबर कोणत्या अपेक्षा आल्या, हा प्रश्न त्या मानाने मागे राहतो. वस्तुतः संस्थेचे स्वरूप ठरविण्यात दानाच्या पद्धतीचा वाटा मोठा असतो. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या ‘शारदा सदन’ व ‘मुक्ती’ या दोन संस्थांच्या आधारे प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

ख्रिस्ती दानविचाराची पार्श्वभूमी

जुन्या करारात उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशांश, देवाला अर्पण करण्याचा नियम आढळतो. नव्या करारात भर रकमेपेक्षा वृत्तीवर आहे. मार्काच्या शुभवर्तमानातील गरीब विधवेची दोन लहान नाणी श्रीमंतांच्या मोठ्या देणग्यांपेक्षा श्रेष्ठ ठरतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात दानाचा गाजावाजा करण्यास मनाई आहे. यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दान सक्तीने नव्हे, तर संतोषाने द्यावे, असा आग्रह धरला आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन याने रविवारच्या उपासनेतील ऐच्छिक वर्गणीचे वर्णन केले असून ती अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांच्यासाठी खर्च होई, असे नमूद केले आहे.

पुढे युरोपात चर्च व राज्यसत्ता यांची सांगड बसल्यावर दानाचे रूप बदलले. इ. स. ७७९ मध्ये शार्लमेनच्या राज्यात दशांश कायद्याने बंधनकारक झाला. तेव्हापासून स्वेच्छेने दिलेले दान आणि नियमाने ठरविलेले देणे असे दोन प्रवाह ख्रिस्ती परंपरेत शेजारी शेजारी वाहत आले. रमाबाईंच्या कार्यात या दोन्ही प्रवाहांशी मिळतीजुळती रूपे एकामागून एक आढळतात.

कराराचे दान : शारदा सदन

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे वचन या संस्थेने दिले. गावोगावी स्थापन झालेल्या रमाबाई मंडळांतून वर्गणी जमू लागली. या साहाय्याची अट स्पष्ट होती : शाळेत धर्मप्रचार होऊ नये. विविध ख्रिस्ती पंथांचे दाते एकत्र आणण्यासाठी व हिंदू पालकांचा विश्वास मिळविण्यासाठी ती आवश्यक मानली गेली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात होते. रमाबाई आपली खासगी प्रार्थना उघड्या दाराआड करीत आणि काही मुली तेथे स्वेच्छेने येऊन बसत. यावरून वाद पेटला. ‘केसरी’ने टीका केली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनची संस्था मात्र रमाबाईंच्या पाठीशी राहिली.

या वादात एकाच अटीचे दोन अर्थ समोर आले. पुण्यातील सल्लागारांच्या दृष्टीने तटस्थता म्हणजे धर्माचा प्रभावच नसणे, तर रमाबाईंच्या दृष्टीने तटस्थता म्हणजे कोणावरही सक्ती नसणे. दान देणारे दूर होते, पण त्यांच्या अटीची झळ वसतिगृहातील विधवा मुलींना लागली.

न मागितलेले दान : मुक्ती

दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, ही चिंता रमाबाईंना होतीच. संस्था स्वतःच्या उत्पन्नावर उभी राहावी म्हणून केडगाव येथे जमीन घेण्यात आली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आश्रय देण्याचा निर्णय त्यांनी घेतला, तेव्हा या कामासाठी कोणताही निधी ठरलेला नव्हता. या निर्णयामागे त्यांच्या वाचनाचाही प्रभाव होता. ब्रिस्टल येथे १८३६ मध्ये अनाथांचे कार्य सुरू करणारे जॉर्ज म्यूलर यांचे वृत्त त्यांनी वाचले होते. म्यूलर कोणाकडेही पैसे मागत नसत व कर्ज काढीत नसत. गरज केवळ प्रार्थनेत मांडावी, अशी त्यांची धारणा होती. मुक्तीचा आर्थिक पाया याच विचारावर घातला गेला. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या हजारावर गेली. शेती, विणकाम, छापखाना अशा उद्योगांतून मुलींच्या श्रमालाही या व्यवस्थेत स्थान मिळाले.

मात्र, ‘न मागणे’ म्हणजे ‘न सांगणे’ नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. म्यूलर दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करीत, तर मुक्तीचे वृत्त ‘मुक्ती प्रेयर बेल’ या इंग्रजी नियतकालिकातून परदेशी वाचकांपर्यंत पोहोचे. प्रत्यक्ष याचना टळली, तरी गरजेचे वर्णन हेच आवाहन ठरत असे. शिवाय तटस्थतेच्या अटीतून सुटलेली संस्था आता श्रद्धेच्या भाषेत बोलणाऱ्या दात्यांच्या सहानुभूतीवर उभी होती. एक बंधन सैल झाले, पण दुसरी अपेक्षा निर्माण झाली.

तुलनात्मक निरीक्षण

हा अनुभव केवळ ख्रिस्ती संस्थांचा नव्हे. शारदा सदनची विद्यार्थिनी असलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला व १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. आश्रमाला हिंदू समाजातून वर्गणी मिळविताना विधवाशिक्षणाचे कार्य पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे ठेवणे त्यांना भाग पडले. स्वतः पुनर्विवाह केलेल्या पुरुषाला ही मर्यादा स्वीकारावी लागली, यावरून दात्याच्या मताचे वजन ध्यानात येते.

समारोप

ख्रिस्ती दानविचाराने देणाऱ्याच्या वृत्तीची सूक्ष्म चिकित्सा केली : त्याने गुपचूप द्यावे, संतोषाने द्यावे, ऐपतीबाहेर जाऊनही द्यावे. घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मात्र प्रत्यक्ष संस्था चालविताना उभा राहिला. कराराच्या दानाने रमाबाईंना निश्चित उत्पन्न दिले, पण कार्याची सीमा आखून दिली. न मागितलेल्या दानाने ती सीमा ओलांडता आली, पण निश्चितता गेली. केडगावची जमीन व तेथील उद्योग हे या दोहोंमधून काढलेल्या मार्गाचे साक्षीदार होत. दान स्वीकारूनही आपला निर्णय आपल्या हाती ठेवण्याचा हा प्रयत्न रमाबाईंच्या धर्मविचाराइतकाच अभ्यासनीय आहे.