दर्या, दऱ्या आणि डेबियन

राजपुरी खाडीच्या काठी, दिघीसमोर वसलेल्या आमच्या आगरदांड्यात पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याचा परिपाठ आहे. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, कुजलेले वासे काढायचे. घर कोणीही बांधलेले असो, शाकारणी राहणाऱ्यानेच करावी लागते. मुक्तस्रोत संगणकप्रणालीचा विचार करताना मला ही शाकारणी आठवते. कारण तिचा इतिहास बहुधा बांधणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो, राहणाऱ्यांच्या नव्हे.

बांधणाऱ्यांचा इतिहास थोडक्यात असा. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जाहीर केला. १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी डेबियनची स्थापना केली. १९९९ मध्ये जेरार्ड बीकमन्स यांनी 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' ही मार्गदर्शिका सुरू केली आणि वाचकालाच एकेक घटक जुळवून संपूर्ण प्रणाली उभारण्याची वाट दाखवली. इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दात 'फुकट' आणि 'मुक्त' यांची गल्लत होते. मराठीत ती होत नाही. पण मुक्त वस्तूची निगा कोणी राखायची, हा प्रश्न मराठीतही उरतोच.

प्रस्तुत लेखक मराठीचा शिक्षक. संगणकाचे रीतसर शिक्षण शून्य. २००२ साली एका स्नेह्याने दिलेल्या चकतीवरून मी डेबियन बसवले. हेतू एवढाच, की उधाण, भांग असे किनाऱ्यावरचे शब्द टिपून ठेवावेत. पावसाळ्यात वीज गेली की यंत्र पुन्हा सुरू होताना सारी तबकडी तपासत बसे आणि मध्येच थांबून मला न कळणारे प्रश्न विचारी. यावरचा उपाय, म्हणजे प्रत्येक बदल आधी रोजकीर्दीत टिपून ठेवणारी 'एक्स्ट-थ्री' ही रचना, २००१ मध्येच गाभ्यात आली होती. मला ती कळायला पुढची तीन वर्षे लागली. दोष प्रणालीचा नव्हता, वाचनाचा होता.

खरी कसोटी मात्र लिपीची होती. तेव्हा बरेचसे मराठी लेखन अशा टंकांत होई, की टंक नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. भारतीय भाषा लिनक्सवर आणण्याचे काम 'इंडलिनक्स'सारख्या गटांनी हाती घेतले, पुढे 'लोहित' हे मुक्त टंकही आले. मी माझ्या नोंदी युनिकोडमध्ये आणल्या आणि मग दर्या आणि दऱ्या यांनी मला गाठले.

दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. भेद केवळ रफार आणि चंद्रकोरी र यांचा. हा दुसरा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच. यंत्राला मात्र दोन निराळे शब्द. शोध घेतला की अर्ध्याच नोंदी सापडत. एकवाक्यता आणावी म्हणून मी एक आज्ञा लिहिली, तीत चूक केली, आणि त्या एका ओळीने साऱ्या दऱ्या दर्यात बुडाल्या. छापील प्रत होती म्हणून बचावलो. महिनाभर एकेक शब्द हाताने दुरुस्त केला.

या प्रसंगातून मला मोडीची दप्तरे नव्याने कळली. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारे विरळ झाले म्हणून मजकूर मुका झाला. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, पण संकेत मिळाला म्हणजे वाचक मिळतोच असे नाही. मजकूर टिकणे ही घटना नसून नित्याचे काम आहे, आणि ते तज्ज्ञांवर सोपवून आपण मोकळे झालो की भाषेचा एखादा र हरवल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून जुन्या ३२-बिटी यंत्रांवर प्रणाली नव्याने बसवण्याची सोय राहिलेली नाही. माझे यंत्र त्याच पिढीतले. तेव्हा नोंदी पुन्हा हलवणे आले, पुन्हा एकदा दर्या आणि दऱ्या ताडून पाहणे आले. असो. छापील प्रत तेवढी हाताशी ठेवली आहे.