कंबरेचा कागद

कंबरदुखीवाल्याच्या घरी एक कागद हमखास सापडतो. झेरॉक्सची झेरॉक्स, घड्या पडून मऊ झालेला. त्यावर रेघोट्यांची माणसं गुडघे छातीशी घेऊन पडलेली असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘दिवसातून तीनदा’. चार दिवस तो फ्रिजवर राहतो, मग वीजबिलांत हरवतो. फोनमधल्या कंबरदुखीच्या अ‍ॅपचा मूळपुरुष हाच.

गुडघे छातीशी घेण्याच्या त्या व्यायामांना डॅलसच्या पॉल विल्यम्स या अस्थितज्ज्ञांचं नाव आहे. त्यांनी ते १९३७ साली मांडले. कंबर मागे वाकू द्यायची नाही, हा त्यांचा दंडक. तो मोडला एका चुकीमुळे. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने एका रुग्णाला पालथं झोपायला सांगितलं. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी उचललेली होती, ती तशीच राहिली. रुग्ण बिचारा निमूटपणे त्यावर तसाच पालथा पडला. थोड्या वेळाने मॅकेन्झी आत आले, कंबर मागे वाकलेली पाहून हादरले. रुग्ण मात्र म्हणाला, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. (भुजंगासन करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण त्या चुकीतून पुढे एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली.) १९८० साली मॅकेन्झींनी थेट रुग्णांसाठीच पुस्तक लिहिलं. कागदाचं पुस्तक झालं, आणि उपचार रुग्णाच्या हाती आला.

तरीही ‘उसण भरली? पडून राहा’ हा सल्ला काही सुटेना. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर तो तपासला. काहींना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात. दोन दिवसवाल्यांच्या कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे हिंडतंफिरतं राहणं हेच औषध. पण तसं राहायला रोज सांगणार कोण?

ही जागा फोनने घेतली. त्यातला हालचाल ओळखणारा सेन्सर खरं तर पडदा आडवा-उभा करायच्या कामाचा. तोच पावलं मोजू लागला. जर्मनीत तर २०२० पासून डॉक्टर कंबरेसाठी अ‍ॅप लिहून देतात आणि पैसे विमा भरतो. डेन्मार्क आणि नॉर्वेतल्या ४६१ रुग्णांवर तपासलेलं ‘सेल्फबॅक’ हे अ‍ॅप दर आठवड्याला चालणं, व्यायाम आणि माहिती यांचा बेत आखून देतं. नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिली, तेव्हा तीन महिन्यांनी २४ गुणांच्या मोजपट्टीवर फरक पडला जेमतेम पाऊण गुणाचा. माझ्या मते कागदाच्या वारसाकडून एवढीच अपेक्षा रास्त आहे: त्याने हरवू नये आणि आठवण करून द्यावी.

यंत्राचा भाव कुठवर, हे ऑस्ट्रेलियात कळलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४९२ जण होते. फिजिओथेरपिस्टने रुग्णाशी बसून बोलायचं, वाकायची भीती घालवायची, हालचाल नव्याने शिकवायची, असा तो उपचार. वर्षानंतरही त्याचा गुण टिकला. एका गटाला तोच उपचार पाठीवर सेन्सर लावून दिला होता. त्या गटाला काडीचाही जास्त फायदा झाला नाही.